आर्यांचा शोध घ्यायला निघालेला मुंबईचा मुलगा नेवाशाच्या नदीकाठी दगड वेचत कसा पोहोचला?

पुण्यात येरवड्याकडून विश्रांतवाडीकडे जाताना डेक्कन कॉलेजचं गेट लागतं. आत झाडीत लपलेली जुनी दगडी इमारत आहे. लोकमान्य टिळक इथेच शिकले, त्यांची खोली आजही दाखवतात. पुणेकरांना ही गोष्ट माहीत असते.

पण टिळकांचं एक पुस्तक वाचून मुंबईतला एक पंधरा वर्षांचा मुलगा येडा झाला, आर्यांचा शोध घ्यायचाच म्हणून हट्टाला पेटला आणि शेवटी टिळकांच्याच कॉलेजात प्राध्यापक होऊन आला, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. गंमत म्हणजे त्याला आर्य काही सापडले नाहीत. त्याला सापडले दगड. आणि त्या दगडांमुळे महाराष्ट्राचा इतिहास काही लाख वर्षं मागे गेला.

हा मुलगा म्हणजे हसमुख धीरजलाल सांकलिया. भारतातल्या प्रागितिहासाचं, म्हणजे लिहिण्याची कला येण्याच्या आधीच्या माणसाच्या अभ्यासाचं नाव काढलं की ज्यांच्यापासून सुरुवात करावी लागते ते डॉ. सांकलिया.

आता प्रश्न असा की संस्कृत शिकलेला, पोथ्यांमध्ये रमलेला माणूस नदीकाठच्या गोट्यांकडे वळला कसा? त्याचं बरंचसं उत्तर इंग्लंडमधल्या एका टेकडीवर आहे. तिथे उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना हातात खुरपी देऊन खोदायला शिकवलं जायचं.

टिळकांचं पुस्तक आणि अशक्त मुलगा

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईचा. घर गुजराती, वकिलांचं. जन्मतः मूल इतकं अशक्त होतं की ते जगेल याची घरच्यांना फारशी आशा नव्हती. पुढे याच माणसाने आयुष्यभर नद्यांचे काठ पायाखाली घातले.

पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या हातात टिळकांच्या आर्क्टिक होम इन द वेदाज या पुस्तकाचं गुजराती भाषांतर पडलं. आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं टिळकांनी त्यात वेदांमधले दाखले आणि खगोलशास्त्राचं गणित मांडून सांगितलं होतं. मूळ पुस्तक १९०३ चं. पंधरा वर्षांच्या पोराला त्यातलं सगळं कळणं शक्यच नव्हतं. पण एवढं ठरलं की भारतातल्या आर्यांबद्दल आपण काहीतरी करायचं. त्यासाठी टिळकांना येत होत्या त्या दोन गोष्टी यायला हव्यात, संस्कृत आणि गणित.

गणिताचं पुढे फार काही झालं नाही. संस्कृतचं झालं. सेंट झेवियर्स कॉलेजमधून त्यांनी संस्कृत घेऊन पदवी मिळवली. तिथे फादर हेनरी हेरास नावाचे स्पॅनिश जेझुइट इतिहासकार होते. त्यांच्या हाताखाली सांकलियांनी एमएसाठी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. १९३४ मध्ये त्याचं पुस्तकही आलं.

इथपर्यंतचा प्रवास त्या काळातल्या कुठल्याही हुशार इतिहास अभ्यासकाचा वाटावा असाच आहे. ग्रंथ वाचायचे, शिलालेख वाचायचे, चिनी प्रवाशांची वर्णनं तपासायची आणि लिहायचं. यात हाताला माती लागत नाही.

पीएचडीसाठी ते लंडनला गेले. विषय होता गुजरातचं पुरातत्त्व, मार्गदर्शक होते कॉड्रिंग्टन. म्हणजे मंदिरं, मूर्ती, ताम्रपट. आणि याच लंडनच्या मुक्कामात ते मॉर्टिमर व्हीलर या माणसाच्या उत्खननावर काम शिकायला पोहोचले.

टेकडीवरची शाळा

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तिथे डॉर्चेस्टर गावाबाहेर मेडन कॅसल नावाची टेकडी आहे. नावात कॅसल असलं तरी दगडी बुरूज वगैरे काही नाही. आहेत ते मातीचे प्रचंड तट आणि खंदक, एकामागे एक. आतली जागा सुमारे १९ हेक्टर. लोहयुगातल्या लोकांनी बांधलेला हा किल्ला. त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुनी, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची नवाश्मयुगातली वस्ती. लिखित पुरावा शून्य. राजाचं नाव नाही, शिलालेख नाही, नाणं मिळालं तर शेवटच्या थरात. जे काही सांगायचं ते मातीनेच सांगायचं.

१९३४ ते १९३७ अशी चार वर्षं व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांनी इथे खोदकाम केलं. मजूर होतेच, पण मोठा भरणा विद्यार्थ्यांचा आणि हौशी स्वयंसेवकांचा होता. उत्खनन जितकं महत्त्वाचं तितकंच शिकवणंही महत्त्वाचं, असा व्हीलर दांपत्याचा खाक्या. लंडनमध्ये पुरातत्त्वाची स्वतंत्र संस्था उभी राहावी म्हणून दोघं झटत होते. ती १९३७ मध्ये उघडली. टेसा तोवर हयात नव्हत्या, १९३६ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. विद्यार्थ्यांना रोजचं काम शिकवण्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. नाव मात्र नेहमी नवऱ्याचंच घेतलं जातं, हे जाता जाता सांगायला हवं.

तर या शाळेत शिकवायचे काय?

घरातली रद्दीची थप्पी आठवा. सगळ्यात खालचा पेपर सगळ्यात जुना, वरचा कालचा. जमिनीचंही तसंच असतं. माणसं एका जागी राहतात, घर पडतं, त्यावर माती साचते, मग नवीन माणसं येऊन त्यावर घर बांधतात. थरावर थर चढत जातात. पण जमिनीची थप्पी रद्दीइतकी नीट नसते. कुणीतरी मध्येच खड्डा खणून कचरा टाकलेला असतो, उंदराने बीळ केलेलं असतं, पुरात एक थर वाहून गेलेला असतो. वरच्या काळातलं खापर खड्ड्यातून खालच्या काळात जाऊन बसतं. ते न ओळखता नुसतं खोल खणत गेलं की हाती वस्तू पुष्कळ येतात, पण कुठली कधीची याचा पत्ता लागत नाही.

त्याआधीची बरीच उत्खननं अशीच व्हायची. भारतातसुद्धा. भरपूर मजूर लावायचे, भिंती मोकळ्या करायच्या, मूर्ती नि नाणी उचलायची, बाकीची माती फेकून द्यायची.

व्हीलरनी चौकोनांची पद्धत रुळवली. जागेवर सारख्या मापाचे चौकोन आखायचे. दोन चौकोनांमध्ये न खोदलेली मातीची भिंत ठेवायची, शेताच्या बांधासारखी. खोदत खाली गेलं की या बांधांच्या उभ्या बाजूंवर सगळे थर केकच्या कापासारखे दिसतात. प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा. सापडलेलं प्रत्येक खापर, हाड, मणी त्या थराच्या नावाने पिशवीत घालायचं. मग बांधाचं चित्र कागदावर मापात उतरवायचं. ज्याला थर वाचता येत नाही त्याने खोदू नये, हा इथला पहिला नियम.

याच उत्खननात दरवाजाजवळ वीस हजारांहून जास्त गोफणगुंडे एका जागी साठवलेले सापडले. समुद्रकाठावरून वेचून आणलेले साधे गोल गोटे. एकटा गोटा उचलला तर तो नुसता गोटा. कुठे होता, किती होते, कुठल्या थरात होते हे माहीत असेल तर तो किल्ल्यावर आलेल्या संकटाची तयारी. संस्कृत ग्रंथांवर वाढलेल्या विद्यार्थ्यासाठी हा धडा साधासुधा नव्हता. इथे वाचायचं होतं, पण अक्षर एकही नव्हतं.

व्हीलरांची अजून एक खोड होती. ते लोकांना उत्खनन पाहायला बोलवायचे. पेपरवाल्यांना बातम्या द्यायचे, येणाऱ्यांना जागा फिरून दाखवायचे, पोस्टकार्ड विकायचे. पंडित मंडळींना हा चवचालपणा वाटायचा. पण खोदकामाला पैसा लागतो आणि तो लोकांना रस वाटला तरच येतो, हे व्हीलरना पक्कं माहीत होतं. सांकलियांनीही पुढे गुजराती-इंग्रजीतून सर्वसामान्यांसाठी भरपूर लिहिलं.

बंद पडलेलं कॉलेज पुन्हा उघडतं

सांकलिया पदवी घेऊन परत आले तेव्हा भारतात पुरातत्त्व शिकवणारी विद्यापीठं जवळपास नव्हतीच. पुरातत्त्व म्हणजे सरकारी खातं, एवढंच समीकरण.

इकडे पुण्यात डेक्कन कॉलेजला सरकारने १९३४ मध्ये टाळं ठोकलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. भाषाशास्त्राला सुमित्र कत्रे, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राला इरावती कर्वे आणि प्राचीन इतिहासाला तिशीतले सांकलिया. टिळकांचं पुस्तक वाचलेला मुलगा टिळकांच्या कॉलेजात आला.

आल्या आल्या त्यांनी पुण्याच्या आसपास पायपीट सुरू केली. महापाषाणीय दफनं, जुनी मंदिरं, जे दिसेल ते. पण खरी परीक्षा १९४१ मध्ये झाली.

त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने गुजरातमध्ये साबरमतीच्या काठी अश्मयुगीन हत्यारं शोधली होती. हाच तो फूट ज्याने १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार ओळखलं. साबरमतीला त्याला एक कोडं पडलं होतं. खाली नदीच्या गोट्यांच्या थरात अतिप्राचीन मोठी हत्यारं, वर टेकाडांवर छोटी नाजूक हत्यारं आणि दोन्हींच्या मध्ये गाळाचा प्रचंड जाड थर. मधल्या काळात माणूस गेला कुठे?

हे कोडं तपासायला पुरातत्त्व खात्याचे महासंचालक काशीनाथ दीक्षित यांनी सांकलियांना मोहिमेवर धाडलं. मोहिमेला नाव मिळालं पहिली गुजरात प्रागैतिहासिक मोहीम. मंदिरं आणि मूर्तींवर पीएचडी केलेला माणूस आता दगड ओळखायला निघाला होता.

दगड ओळखणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नदीत गोटे लाखो असतात. माणसाने मुद्दाम दगडावर दगड मारला की टवका उडतो. टवका जिथून निघाला तिथे खोलगट खूण राहते आणि टवक्यावर माराच्या जागेखाली छोटं टेंगूळ येतं. नदीत आपोआप आपटून फुटलेल्या दगडावर अशा खुणा एका ओळीत, दोन्ही बाजूंनी, धार काढल्यासारख्या येत नाहीत. शंभर दगड हातात घेतल्यावर एखादा हत्यार निघतो. हे पुस्तकातून शिकता येत नाही. नदीकाठी वाकून, उन्हात, दिवसचे दिवस घालवूनच डोळा तयार होतो. सांकलियांनी पुढे १९६४ मध्ये अश्मयुगीन हत्यारांवर एक पुस्तक लिहिलं. हत्यार घडवायचं तंत्र, नाव आणि संभाव्य उपयोग, सगळं त्यात. विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

लांघणजचे सांगाडे

गुजरातच्या मेहसाणा भागात लांघणज नावाचं गाव आहे. गावाजवळ वाळूचं एक टेकाड, लोक त्याला अंधारियो टिंबो म्हणायचे. तिथे बोटाच्या पेराएवढी दगडी पाती सापडत होती, लाकडात किंवा हाडात बसवून बाण नि कोयत्यासारखी वापरली जाणारी. सांकलियांनी तिथे चौकोन आखून खोदायला घेतलं. आणि १९४४ मध्ये त्या वाळूतून माणसाचा सांगाडा वर आला. पाय दुमडून, कुशीवर झोपवल्यासारखा पुरलेला.

पुढे अजून सांगाडे निघाले. सांगाड्यांच्या अभ्यासासाठी इरावती कर्वे स्वतः तिथे गेल्या. आज आपण त्यांना युगान्तमुळे ओळखतो, पण वाळूत बसून हाडं मोकळी करणाऱ्या इरावतीबाई हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा. चाळीसच्या दशकात, गुजरातच्या आडगावात.

लांघणजला गेंड्याच्या खांद्याचं हाडसुद्धा मिळालं. त्यावर खळगे पडले होते, म्हणजे कुणीतरी ते ऐरणीसारखं वापरलं होतं. आज त्या कोरड्या भागात गेंडा ही कल्पनाही करवत नाही. त्या एका हाडाने तिथलं जुनं हवामान सांगितलं.

इथे सांकलियांचा एक गुण दिसतो. गाळ कधी साचला, वाळू कधी उडून आली हे ठरवायला भूगर्भाचं ज्ञान लागतं आणि ते आपल्याला पुरेसं नाही, हे त्यांनी मनावर घेतलं. लंडनहून फ्रेडरिक झॉयनर या तज्ज्ञाला बोलावून घेतलं. १९४९ च्या सुमारास झॉयनर आले, गुजरातच्या नद्या फिरले, त्यावर पुस्तिका लिहिली. सांकलियांनी मग भूगर्भ, हाडं, जुनी धान्यं यांचा अभ्यास करणारी माणसं आपल्याच विभागात तयार करायला घेतली. एका प्राध्यापकाला सगळं कळत नसतं, हे कबूल करणारे प्राध्यापक तेव्हाही कमीच होते.

दरम्यान व्हीलर भारतात आले होते. १९४४ मध्ये ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि आल्या आल्या तक्षशिलेला त्यांनी मेडन कॅसलसारखीच शाळा भरवली. ब्रजबासी लाल, बी. के. थापर अशी पुढची मोठी नावं तिथे शिकली. पण ती शाळा सरकारी खात्याची. विद्यापीठात, दरवर्षी, नव्या मुलांना खोदायला नेणारी शाळा उभी केली ती पुण्याने.

इंग्लंडमध्ये खोदकाम उन्हाळ्यात होतं, कारण बाकी वर्षभर पाऊस नि थंडी. आपल्याकडे उलटं. पावसाळ्यात चौकोनांचे हौद होतात आणि मे महिन्यात माती दगडासारखी टणक होते, त्यामुळे खोदायचं ते दिवाळीनंतर, ऊन चढायच्या आत. सांकलियांच्या विद्यार्थ्यांचे हिवाळे त्यामुळे तंबूत गेले.

कोल्हापूर ही सुरुवात. १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी थरवार उत्खनन केलं. याच टेकाडावर त्याआधी रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू सापडल्या होत्या, समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्तीसुद्धा.

महाराष्ट्रात आदिमानव होताच कुठे?

प्रागितिहासाचा मुद्दा मात्र महाराष्ट्रात अडून बसला होता. आपली जमीन म्हणजे काळा कातळ, बेसाल्ट. मद्रासकडे आदिमानवाने हत्यारं केली ती क्वार्टझाइट नावाच्या कठीण, नीट फुटणाऱ्या दगडाची. दख्खनच्या काळ्या दगडाची तशी हत्यारं होतात का? एकोणिसाव्या शतकात पैठणजवळ मुंगीला अकीकाचा एक टवका सापडला होता खरा, पण एका टवक्यावर काय उभं राहणार. महाराष्ट्रात अगदी जुना माणूस राहतच नसावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत होतं आणि सुरुवातीला सांकलियांनाही ते पटण्यासारखं वाटत होतं.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठच्या थरात हातकुऱ्हाडी सापडल्या. बदामाच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंनी टवके काढलेल्या. आणि दगड? तोच आपला काळा. झालं. पुस्तकातलं मत नदीने खोडून काढलं.

त्यानंतर नेवासा. अहमदनगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं प्रवरेकाठचं गाव. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक. सांकलिया आणि त्यांचे विद्यार्थी १९५४ पासून तिथे लाडमोड नावाच्या टेकाडावर खोदत होते. वरच्या थरात मराठा आणि मुस्लिम काळ, त्याखाली रोमशी व्यापार करणारे सातवाहनकालीन लोक, त्याखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे तांबं नि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि तांब्याच्या गंजामुळे आतल्या धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते.

टेकाड इथे संपतं. पण नदी पुढे वाचत राहते. प्रवरेने कापलेल्या काठाच्या उभ्या भिंतीत गोट्यांचे थर दिसत होते, मेडन कॅसलच्या बांधासारखेच, फक्त निसर्गाने खोदलेले. सगळ्यात खालच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी. त्याच्या वरच्या गोट्यांच्या थरात वेगळीच हत्यारं, लहान, गारगोटी नि जास्परची, कातडं खरवडायची तासण्या नि टोच्या.

युरोपात हातकुऱ्हाडी आणि नंतरची नाजूक पाती यांच्या मधला एक टप्पा ओळखला गेला होता. भारतात तो स्पष्ट दिसत नव्हता. नेवाशाच्या काठाने तो थरावर थर दाखवला. मग असाच टप्पा देशात ठिकठिकाणी सापडू लागला आणि त्याला काही काळ नेवासियन म्हणायची पद्धत पडली. फूटला साबरमतीकाठी पडलेल्या कोड्याच्या उत्तराचा एक तुकडा असा ज्ञानोबांच्या नेवाशात मिळाला.

त्या अहवालाच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे असे शब्द आहेत. १९६० मध्ये तो छापून आला.

मग आर्यांचं काय झालं?

टिळकांनी पेटवलेला प्रश्न काही विझला नव्हता. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये खोदताना लाल रंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची सुबक भांडी मिळाली. पुढे तशी भांडी महाराष्ट्रभर सापडत गेली आणि त्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नावच पडलं. नर्मदेकाठी, अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर नावडाटोलीला तर गहू, तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा असा अख्खा वाणसामान जळक्या दाण्यांच्या रूपात मिळाला. तिथल्या तोटीच्या पेल्यांसारखे पेले सांकलियांना इराणमध्ये दिसले आणि हे लोक पश्चिमेकडून आलेले असावेत, कदाचित आर्यच, अशी मांडणी त्यांनी केली.

ती टिकली नाही. पेल्याच्या आकारावरून माणसांची भाषा ठरवता येत नाही, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. सांकलियांना नवं काही सापडलं की ते पटकन लिहायचे, मत मांडायचे, पुरावा उलटा आला की बदलायचे. काहींना हा उतावळेपणा वाटायचा आणि तो कधीकधी होताही.

त्यांच्या एका मताने तर लोक खवळले. रामायणातली लंका म्हणजे श्रीलंका नव्हे, ती मध्य भारतातच कुठेतरी असली पाहिजे, असं त्यांनी पुराव्यानिशी मांडायचा प्रयत्न केला. १९७३ मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्यावरून त्यांच्यावर भरपूर टीका झाली. त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही.

१९६९ मध्ये काश्मीरमध्ये पहलगामजवळ, लिद्दर नदीच्या खोऱ्यात त्यांना दगडी हत्यारं दिसली. तीसच्या दशकातली मोठी परदेशी मोहीम त्या खोऱ्यातून अश्मयुगाचा पुरावा न मिळता परतली होती. सांकलिया तेव्हा साठीला आले होते. पहलगामला गेल्यावर लोक घोड्यावर बसतात, हे गृहस्थ दगड बघत होते. त्या हत्यारांच्या वयावर वाद पुढेही चालला, पण काश्मीरमध्ये अश्मयुग शोधायला लोक निघाले ते त्यानंतर.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं.

इनामगाव

निवृत्तीच्या आधी त्यांच्या विभागाने एक काम सुरू केलं होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. आधीची उत्खननं बहुतेक एखाद-दुसऱ्या हंगामाची, थोड्या चौकोनांची. इथे ठरलं की अख्खं गाव मोकळं करायचं. १९६८ ते १९८३ अशी वर्षामागून वर्षं विद्यार्थ्यांच्या तुकड्या इनामगावला जात राहिल्या. मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि सांकलिया हे प्रमुख.

शंभराहून जास्त घरं निघाली. जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं निघाली. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले दिसले, मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून असावं, असा अंदाज आहे. नदीचं पाणी वळवायचा पाट निघाला. मुख्य पीक जव. आणि वरच्या, शेवटच्या थरांमध्ये मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, भांडी गरीब झाली, शेती घटून शिकार वाढली. पाऊस कमी होत गेला आणि गाव हळूहळू खंगत गेलं, असा ढवळीकरांनी त्याचा अर्थ लावला. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शिरूर तालुक्यातल्या दुष्काळाची ही नोंद कुठल्याच पोथीत नाही. ती मिळाली चौकोन, बांध आणि थरांच्या क्रमांकांमधून.

इनामगावचा जाडजूड अहवाल १९८८ मध्ये डेक्कन कॉलेजने छापला. त्यानंतर काही महिन्यांनी, २८ जानेवारी १९८९ ला, सांकलिया गेले. अहवालावर लेखक म्हणून तीन नावं आहेत. पहिलं नाव त्यांचे विद्यार्थी ढवळीकर यांचं आहे. सांकलियांचं दुसरं.